झऱ्याचे ऋण

नगरांच्या जन्मकथा सांगताना राजे, सेनानी आणि धनिक यांची नावे घेण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील लास व्हेगास म्हटले की जुगारगृहे आणि त्यांचे मालकच आठवतात. परंतु या शहराचा खरा संस्थापक माणूस नव्हे. मोहावी वाळवंटात आपसूक वर येणारा झरा होय. शहराच्या स्पॅनिश नावाचा अर्थच ‘कुरणे’ असा असून ती कुरणे या झऱ्याने पोसली होती.

पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या या पाण्याच्या आश्रयाने राहत आले. १८४४ साली फ्रेमाँट याचा येथे मुक्काम पडला आणि त्याच्या वृत्तांतामुळे हे स्थान बाहेरच्या जगाला ठाऊक झाले. १८५५ मध्ये मॉर्मन धर्मप्रचारकांनी ओढ्याकाठी कच्च्या विटांचा कोट बांधला. पण थोड्याच वर्षांत तो सोडून ते निघून गेले. पुढे रेल्वे आली. वाफेच्या इंजिनांना वाळवंटात पाणी हवे होते. १९०२ साली हेलन स्टुअर्ट यांनी आपली जमीन पाण्याच्या हक्कासह रेल्वे कंपनीला विकली आणि १५ मे १९०५ रोजी भूखंडांचा लिलाव होऊन नगर वसले. ज्यांचा या पाण्यावर पहिला हक्क, त्या पायूटांच्या वसाहतीसाठी १९११ साली दहा एकर जागा देण्यात आली!

त्यानंतरची कथा उधळपट्टीची आहे. दाबाखालचे भूजल विंधणविहीर घेताच उसळून वर येई. कित्येक विहिरींना झाकण घालण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. वस्ती वाढली, उपसा वाढला आणि १९६२ साली झरा वाहायचा थांबला. केवळ याच पाण्यात आढळणारी डेस जातीची मासळी त्याआधीच नामशेष झाली होती. पुढे खोऱ्यातील जमीनही काही ठिकाणी दीड मीटरहून अधिक खचली.

झरा आटला तरी शहर वाढलेच, असा युक्तिवाद कोणी करील. तो खोटा नाही. १९३५ साली पूर्ण झालेल्या हूव्हर धरणामुळे मीड सरोवर निर्माण झाले आणि आज शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून येते. पण त्या सरोवराची पातळीही खालावली आणि २०२१ साली मध्यवर्ती सरकारला नदीच्या पाण्याची टंचाई प्रथमच अधिकृतपणे जाहीर करावी लागली. त्याच वर्षी नेवाडा राज्याने निव्वळ शोभेच्या हिरवळीला २०२६ च्या अखेरीनंतर नदीचे पाणी देण्यास मनाई करणारा कायदा केला. घरांतील सांडपाणीही शुद्ध करून सरोवरात परत सोडले जाते. ही काटकसर प्रशंसनीय आहे, यात शंका नाही. खेद इतकाच की, एक उगम गमावल्यावर आणि दुसरा आटू लागल्यावर ती आली.

२००७ पासून झऱ्याची जागा स्मारक-उद्यान म्हणून जनतेला खुली आहे. स्मृती जपणे उचितच. परंतु स्मारकाने तहान भागत नाही. भूमीखालचे पाणी ही खर्चून टाकण्याची मिळकत नसून जपण्याची ठेव आहे, हे ज्या नगराला उगम वाहता असतानाच कळेल, त्याला असे स्मारक उभारण्याची पाळी येणार नाही.