मुक्तिबोध कोणाचे?

देवास-धारच्या मराठी मंडळींचा विषय निघाला, की आमचे वक्ते हमखास एक नाव घेतात. गजानन माधव मुक्तिबोध. ‘हिंदीचा एवढा मोठा कवी-समीक्षक, पण मुळात माळव्यातल्या आपल्या मराठी घरातला!’ टाळ्या पडतात. मला या टाळ्यांचा संताप येतो. हा माणूस हिंदीत लिहीत राहिला. ‘कामायनी : एक पुनर्विचार’सारखी समीक्षाही त्याने हिंदीतच केली. आडनावाच्या जोरावर त्या मिळकतीत वाटा मागणारे आपण कोण?

आयर्लंडच्या मायकेल हार्टनेट या कवीने १९७५ साली इंग्रजीला जाहीर रामराम ठोकला, आयरिशमध्ये लिहिले आणि १९८५ साली पुन्हा इंग्रजी कविता छापली. भाषा धरणे, सोडणे हा लिहिणाऱ्याचा प्रश्न. वाचणाऱ्याच्या हाती काय, ते बोला.

मराठी धरणारा मुक्तिबोध आपल्याकडे होताच की! गजाननरावांचे धाकटे बंधू शरच्चंद्र. जन्म इंदूरचा, १९२१चा. ‘नवी मळवाट’ हा संग्रह १९४९चा. त्याच्या आदल्याच वर्षी धार आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या होत्या. पवारांच्या दरबाराचा आधार सुटला आणि तिकडची मराठी घराच्या उंबऱ्याआत आली. (देवासला जाताना इंदूरकर जी नदी ओलांडतात, तिचे ‘क्षिप्रा’ हे नाव शरच्चंद्रांनी आपल्या कादंबरीला दिले. त्या नदीला पुण्यात कोण विचारतो?)

पण खरी उपेक्षा झाली ती त्यांच्यातल्या समीक्षकाची. कलाकृतीचे मोल निव्वळ सौंदर्यावर तोलणाऱ्यांना त्यांनी ‘मानुषता’ हे मूल्य सांगून अडवले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही पुरस्कार लक्षात ठेवला, ग्रंथ मिटून ठेवला. त्या मूल्यावर भांडायला हवे होते. माणुसकीच्या नावाखाली कच्ची कविताही खपेल, असा आक्षेप घेता येतो; मलाही तो काहीसा पटतो. पण आक्षेप घ्यायला आधी पुस्तक उघडावे लागते. थोरल्याच्या नावाने टाळ्या घ्यायला काहीच उघडावे लागत नाही.

शरच्चंद्रांच्या दुसऱ्या कादंबरीचे नाव ‘सरहद्द’. सीमाभागाच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्यांनी आपापल्या गावच्या वाचनालयात जाऊन ती मागावी, आणि मिळालीच तर शेवटचा शिक्का कोणत्या सालचा आहे तेवढे बघून यावे.