गादीतलं चुंबक आणि गुडघ्याचं दुखणं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत मशीनवाले आले होते. विहाराच्या सभागृहात महिनाभर शिबिर. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, प्रवेश मोफत. आत दहा गाद्या, त्यांत चुंबकं शिवलेली, वायरीने जोडलेला एक डबा आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तीन पोरं. पहिल्या दिवशी "नमस्ते माताजी" म्हणणारी ही पोरं तिसऱ्या दिवशी "जयभीम मावशी" म्हणायला लागली. महिना संपता संपता कळलं की तीच गादी घरी हवी असेल तर 32 हजार, हप्त्याने. आमच्या माहितीत अकरा घरांनी घेतली. चार बायांनी त्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं.

आम्ही बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करतो. त्यामुळे बाया आमच्याकडे विचारायला येतात, "सिस्टर, घेऊ का?" आम्ही नको म्हटलं की लगेच उत्तर येतं, "पण मला खरंच बरं वाटलं की हो!" हे बरं वाटणं आम्ही खोटं ठरवत नाही. ते आलं कुठून, एवढंच पाहायचं आहे.

चार घरची धुणीभांडी करणारी बाई पहाटे पाचला उठते. स्वतःच्या घरचं पाणी भरते, डबे करते, मग दोन-दोन जिने चढून लोकांच्या मोरीत उकिडवी बसते. सफाई कामगार बाई वाकून झाडते, कचऱ्याचा डबा उचलून गाडीत रिकामा करते. ही बाई शिबिरात येते आणि वरती पंखा, खाली ऊबदार गादी, शेजारी ओळखीच्या बाया, अशी चाळीस मिनिटं आडवी पडते. त्या वेळात तिला कोणी हाक मारत नाही. दिवसाउजेडी असं पडून राहणं तिला लग्नानंतर कधी मिळालं होतं, ते तिलाच विचारा. शेक आणि विश्रांती मिळाली की आखडलेला स्नायू सैल होतोच. शिवाय गुडघेदुखी कमी-जास्त होत राहते. माणूस इलाजाला जातो ते दुखणं सर्वांत जास्त असतं तेव्हा, आणि नंतर ते थोडं उतरतं. श्रेय मात्र गादीला मिळतं.

शिबिरातली पोरं सांगत होती की रक्तात लोह असतं, चुंबक ते ओढतं आणि रक्त जोरात पळतं. रक्तात लोह असतं हे खरं. पण ते हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. एमआरआयचं मशीन साधारण 1.5 टेस्लाचं, म्हणजे फ्रिजच्या दाराला लावतो त्या चुंबकाच्या शेकडो पट जोरदार. चुंबक रक्त ओढत असतं तर एमआरआयमधून कोणी जिवंत बाहेर आलं नसतं. नुसत्या चुंबकाचे पट्टे, कडी, गाद्या यांच्यावर झालेले अभ्यास एकत्र करून 2007 साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात ताळा मांडला गेला. दुखणं कमी करायला चुंबक उपयोगी पडतं, असा पुरावा त्यातून मिळाला नाही.

विजेवर चालणाऱ्या चुंबकीय लहरींची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेटोळ्यातून थांबून थांबून वीज सोडली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मोडलेलं हाड जुळत नसेल तर अशा उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1979 सालीच मान्यता दिली. झिजेच्या संधिवातासाठी कोक्रेन या संस्थेने 2013 साली नऊ अभ्यास तपासले, त्यांत 636 रुग्ण होते. ज्यांना खोटं मशीन लावलं होतं त्यांच्यापेक्षा खरं मशीन लावलेल्यांचं दुखणं शंभरपैकी सुमारे पंधरा गुणांनी कमी झालं. पण चालणं, चढणं, कामाला हात लावणं यांत स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे थोडा आराम मिळू शकतो, झिजलेला गुडघा परत येत नाही. आणि हे अभ्यास दवाखान्यातल्या उपकरणांचे. आपल्या सभागृहातल्या डब्यातून काय निघत होतं, हे त्या पोरांनाही सांगता आलं नाही. आम्ही विचारलं होतं.

पैसे बुडाले तरी माणूस पुन्हा कमावतो. आम्हाला खरी भीती वेळ बुडण्याची आहे. वस्तीतला एक रंगकाम करणारा भाऊ पाठ दुखते म्हणून चार महिने चुंबकाचा पट्टा बांधून फिरला. संध्याकाळी कणकण यायची, पँट कमरेला ढिली झाली होती. पट्टेवाला म्हणाला, "विष बाहेर पडतंय." तो मणक्याचा टीबी होता. पाय लुळे पडायच्या आत औषध सुरू झालं, म्हणून आज तो चालतो. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि हा मात्र पट्ट्याचे हप्ते भरत होता.

म्हणून दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पायाला मुंग्या येऊन जोर जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर गादीही नको आणि मालिशही नको. त्याच दिवशी दवाखाना. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहत असतील तर तो वेगळा संधिवात, त्याला रक्ततपासणी आणि कायमचं औषध लागतं. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी तर या गादीच्या जवळपासही जाऊ नये, चुंबकाने पेसमेकरचं काम बदलतं. गरोदर बाईनेही लांबच राहावं.

मग करायचं काय? महापालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढून फिजिओथेरपी विभागात जा. तिथे शेकाचं मशीन असतं, आणि कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे ठरवणारं शिकलेलं माणूसही असतं. कंत्राटी सफाई कामगारांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर कार्ड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. घरी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. महिनाभर तरी करा, चार दिवसांत फरक मागू नका. सांधा लाल, सुजलेला नसेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पुरतो. मोरीत उकिडवं बसण्याऐवजी स्टूल मागा. मालकीण नाक मुरडेल, तरी मागा. आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने गिळू नका, किडनी जाते. बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ज्यांना त्या खाऊन चेहरा सुजला आहे त्यांनी त्या एकदम बंदही करू नयेत, आधी डॉक्टरला दाखवावं.

शिबिरात पोरांनी शुगर, बीपी, अर्धांगवायू सगळं बरं होतं म्हणून सांगितलं. 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याप्रमाणे या आजारांवर इलाजाची अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. पत्रक हातात आलं तर फाडू नका, जपून ठेवा, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला ते लागतं. पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लावा.

विहार समितीशी आमचं थोडं वाजलं. सभागृहाचं भाडं येतं, लाईटबिल निघतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही म्हटलं, लाईटबिलाची वर्गणी आम्ही फिरून गोळा करतो, पण आपल्या दारात आपल्याच बायांना कोणी विकायला बसू नये. शेवटी ठरलं की विक्रीच्या शिबिराला सभागृह द्यायचं नाही. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास गुडघ्याचे व्यायाम होतात. पहिल्या रविवारी सहा बाया होत्या, आता वीस-बावीस येतात, दोन-तीन पुरुषही लाजत लाजत मागे बसतात.

ज्या मावशींनी सर्वांत आधी गादी घेतली त्याही येतात. गादीवर आता नातवंडं झोपतात. सात हप्ते अजून बाकी आहेत.