केसपेपरवरचा एक प्रश्न

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणे यांना बंदी करणारा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण देशात २८.६ टक्के, तर गोव्यात ९.७ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत कमी होते. मात्र २००९-१० मध्ये गोव्याचा हाच आकडा ८.८ होता. बंदीने विडी चारचौघांतून हटते, माणसाची सुटतेच असे नाही. ती सोडवण्याचे काम आता पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांनी नेहमीच्या उपचारांचा भाग म्हणून करायला हवे.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांसाठी रुग्ण तिथे वारंवार येतोच. केसपेपरवर वजन आणि रक्तदाब लिहितात, तशी ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाचीही नोंद व्हावी. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा चौकशी करू असे बजावले. अशा रुग्णांपैकी ५.१ टक्के वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ०.३ टक्के होते. यश लहान दिसते, पण त्याचा खर्चही तेवढाच लहान आहे.

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना वेळ कुठला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर गोव्यातच सापडते. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांचे समुपदेशन करून घेतले. तीन महिन्यांनी त्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के होते. नेहमीच्या उपचारांत ते २६ टक्के होते. दारू आणि निकोटिन यांची व्यसने वेगळी, म्हणून हा आकडा धूम्रपानाला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण डॉक्टरांच्या खोलीबाहेरही हे काम होऊ शकते, एवढे त्यातून नक्की दिसते. निकोटिनची पर्यायी औषधेही २०२२ पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. शेवटी सारे रुग्णाच्या इच्छेवरच असते, असे म्हणणाऱ्यांनी मधुमेहाकडे पाहावे. तिथेही पथ्य रुग्णालाच पाळायचे असते, तरी आपण त्याला गोळ्या देतो आणि पुढच्या महिन्यात बोलावतोच.