वॉरंटी आणि गॅरंटी

मिक्सर विकताना दुकानदार हे दोन्ही शब्द एकाच दमात उच्चारतो. मूळही एकच, 'व'चा 'ग' जुन्या फ्रेंचमध्ये झाला. पण कायद्याने या भावांची वाटणी केली आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यातली वॉरंटी वस्तूबद्दल बोलते. ती मोडली तर भरपाई मागता येते, इतकेच. १८७२ च्या करार कायद्यातली गॅरंटी मात्र दुसऱ्याच्या कर्जाची. वेगळे ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच! मेव्हण्यासाठी, सहकाऱ्यासाठी 'नुसती सही' करायला आलेली कितीतरी माणसे मी बँकेत पाहिली. चहा संपायच्या आत सही होई. कर्ज थकले की नोटीस दोघांनाही. माझे ऐकाल तर फॉर्मवर 'गॅरंटर' छापूच नये, 'जामीन' छापावे. त्या शब्दाला घरातली म्हातारी माणसे अजून बिचकतात.