देशावरचा हिशेबनीस

लातूरच्या गंजातील आणि नांदेडच्या वजिराबादेतील जुन्या पेढ्यांचा इतिहास पाहिला, तर त्यांपैकी अनेकांचा आरंभ मालकीपासून नव्हे, मुनिमीपासून झालेला आढळतो. १९०० मध्ये नांदेडला आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने लातूरला गाडी आली. मारवाडातून निघालेला तरुण ओळखीच्या पेढीवर उतरायचा, गादीच्या कोपऱ्यात बसून कीर्द-खतावणी लिहायचा आणि कालांतराने स्वतःची आडत उघडायचा. याला घरात ‘देशावर जाणे’ म्हणत.

आज आपण त्याच्या यशाचा गौरव करतो. त्याच्या पहिल्या काही वर्षांचा विचार मात्र क्वचितच करतो. गावाकडे शिकलेला हिशेब निजामाच्या राज्यात जसाच्या तसा चालत नसे. इंग्रजी मुलखात कलदार, तर येथे हाली सिक्का. शंभर कलदारांचे हाली रुपये ११६, आणे १० आणि पै ८. पेढीची वही संवतानुसार दिवाळीला बदले, तर सरकारी कागदांवर फसली सन असे. १९४८ चा सप्टेंबर तेथे १३५७ सालात मोडत होता. वही महाजनी लिपीत, कचेरी उर्दूत आणि दारात आलेला शेतकरी मराठीत बोलणारा. हे अंगवळणी पडते न पडते तोच संस्थान गेले, १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि पुढे हाली सिक्काही बंद झाला.

एवढ्या उलथापालथीत त्याचे भांडवल कोणते? पाठ असलेले कोष्टक नव्हे. ते तर बदलतच गेले. पैचा फरक सापडेपर्यंत वही न मिटण्याची शिस्त, पेढीची गोष्ट पेढीतच ठेवण्याचा संयम आणि वयाची लाज न बाळगता पुन्हा शिकण्याची तयारी, हेच त्याचे भांडवल होते. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र कोणत्याच खात्यात नोंदलेली नाही. पत्नी आणि मुले वर्षानुवर्षे गावी राहत, आणि आईवडिलांच्या अखेरच्या आजाराची वार्ता पत्राने, उशिरा पोहोचे.

आता आपल्याच घरांतील सनदी लेखापाल दुबई, सिडनी, टोरांटोला जातात. ऑस्ट्रेलियात आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. दुबईत २०१८ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावरही कर लागू झाला. कायदा नवा, वर्ष नवे, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न हमखास येतो: ‘येथील अनुभव किती?’

माझ्या परिचयातील एक तरुण लातुरात नऊ वर्षे लेखापरीक्षण करून परदेशी गेला. तेथे दोन वर्षे तो पुरवठादारांची बिले संगणकात भरत होता. घरी मात्र त्याने ‘व्यवस्थापक आहे’ असे सांगितले होते, कारण नातेवाइकांचा पहिला प्रश्न पॅकेजचा असे. इकडे वडिलांची हृदयशस्त्रक्रिया झाली, तीही त्यांनी त्याला कळू दिली नाही. दर रविवारी फोन होई आणि दोन्हीकडून ‘सर्व उत्तम’ अशीच नोंद पडे. पुढे एकाच पुरवठादाराला दोनदा पैसे जात असल्याचे त्याने जुळवणी करताना हेरले आणि वरिष्ठांना दाखवून दिले. त्यानंतर त्याला लेखापालाचे पद मिळाले. उपयोगी पडली ती मुनिमाचीच सवय. पण वडिलांच्या उशाशी बसण्याचे ते दिवस गेले ते गेलेच.

पेढी बंद पडते ती तोट्याने कमी, तोटा लपवल्याने अधिक, असे बँकेतील नोकरीत मी वारंवार पाहिले. संसाराचेही तसेच आहे. म्हणून पालकांना विनंती, की परदेशी गेलेल्या मुलाला पगार विचारण्याआधी ‘नवीन काय शिकलास?’ असे विचारावे. आपल्या आजोबांनी खालच्या पायरीवरून आरंभ केला, त्यात कमीपणा नव्हता. तर नातवाच्या आरंभात तो कसा असेल? आणि आजारपण त्याला कळवावे. यायचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे. मुलांनीही पदाचे नाव फुगवून सांगू नये.

दोन्ही घरांच्या वह्यांत खरी रक्कम लिहिली, तरच ताळा जमतो.