उंबऱ्याच्या आतला जोहार

आपल्याकडे सौजन्य नेहमी खालून वर जाते. एसी दुरुस्त करायला, आरओचा फिल्टर बदलायला, गिझर बसवायला जो मुलगा घरी येतो, त्याला कंपनीने शिकवून पाठवलेले असते. बूट दारात काढा, 'सर-मॅडम' म्हणा, आवाज चढवू नका, निघताना पाच स्टार मागा. ग्राहकाला मात्र कोणीच काही शिकवत नाही. तो पंचेचाळीस वर्षांच्या कारागिराला सहज 'ए, तू इकडे ये' म्हणतो आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. मराठीत 'तू' आणि 'अहो' या दोन शब्दांत अख्खी समाजरचना मावते.

आपल्या आज्या-पणज्यांना 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. समोरचा उलट जोहार घालत नसे. तशी रीतच नव्हती. चळवळीने जोहार टाकला आणि जयभीम घेतला. जयभीमला उत्तर जयभीमच येते. ज्याला त्याच शब्दात उत्तर मिळते ते सौजन्य, बाकी सगळा जोहार. मग तो कंपनीच्या टी-शर्टात घातलेला असला तरी जोहारच.

पण हा प्रश्न केवळ पैसेवाला ग्राहक आणि गरीब कामगार असा वर्गाचा मानून सोडला तर आपली फसगत होईल. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीवर जायला टांगा हवा होता. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी तोड निघाली: टांगा देऊ, पण हाकणार नाही. वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. वाटेत पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. इथे ग्राहक बॅरिस्टर होता, भाडे द्यायला तयार होता, आणि सेवा देणारा हातावर पोट असलेला माणूस होता. तरी वरचा कोण आणि खालचा कोण हे पैशाने ठरले नाही. त्याच पुस्तकात काठियावाडातल्या डॉक्टरची हकिकत आहे. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावून, तिला हात न लावता, थर्मामीटर दुसऱ्याच्या हातून देऊन त्याने तपासले. घरपोच सेवेच्या आपल्या वाट्याला आलेला इतिहास हा असा आहे.

आज आपली मुले या दाराच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. वस्तीतली आयटीआय केलेली पोरे फ्रिज, वॉशिंग मशीन, इंटरनेटच्या वायरी बघतात. ती सांगतात ते ऐकावे. पाणी मागितले तर कागदी कप शोधला जातो, तीन तास काम चालले तरी बाथरूम वापरू का असे विचारायची सोय नसते, आणि काम संपत आले की हळूच प्रश्न येतो, 'गाव कुठलं? आडनाव काय?' आडनाव सांगितल्यावर चहा येतो की नाही, हे त्यांना आता पाठ झाले आहे. दुसऱ्या बाजूला शिकून नोकरीला लागलेले आपले कुटुंब फ्लॅटमध्ये राहायला जाते. तिथे आलेला कारागीर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बघतो आणि त्याची भाषा 'अहो'वरून 'तुम्ही लोक'वर येते. दिलेले पाणी तो 'आत्ताच पिऊन आलो' म्हणून टाळतो. प्रत्येक जण तसा असतो असे मी म्हणत नाही. पण ज्यांना हा अनुभव आलाय त्यांना हे वाक्य लगेच ओळखू येईल.

कायदा इथे किती उपयोगी पडतो? संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. अॅट्रॉसिटी कायदा आहे, तो हवाच आणि तो वापरलाही पाहिजे. पण हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला जातिवाचक अपमान 'लोकांच्या दृष्टीसमोर' झाला असे धरता येत नाही. म्हणजे कारागीर आणि ग्राहक जिथे समोरासमोर येतात, नेमके तिथेच या कायद्याचा हात आखडतो. शिवाय कागदी कपावर गुन्हा कोण नोंदवणार? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुतेपासून वेगळे काढता येत नाही असे बजावले, ते अशा जागांसाठीच, असे मला वाटते. समता कोर्टात मागता येते. बंधुता मात्र उंबऱ्याच्या आत आपल्यालाच वागून दाखवावी लागते.

आणि आता थोडे कडू. शोकेसमध्ये बुद्धमूर्ती, भिंतीवर प्रास्ताविका, आणि सोफ्याजवळ घाम पुसत उभ्या असलेल्या मेकॅनिकसाठी पंखा बंद, असे घर आपल्यातही दिसू लागले आहे. त्याच्या डोक्यावर पोलिसासारखे उभे राहायचे, ठरलेल्या बिलात शंभर रुपये कापायचे, आणि उशीर झाला म्हणून एक स्टार द्यायचा. त्या एका स्टारने त्याला पुढची कामे मिळायची थांबू शकतात, हे आपल्याला माहीत नसते असेही नाही. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालाने २०२०-२१मधल्या गिग कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती. त्यांना आपण रोज गुण देतो, आपल्याला गुण देणारा कोणी दिसत नाही. ही एकतर्फी परीक्षा जोहाराच्याच जातीची आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थ आणि कामकरी यांची कर्तव्ये जोडीने सांगितली, हे विहारात वंदना घेणाऱ्यांनी विसरू नये. गृहस्थाने ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात बघावे, खास पदार्थ केला तर त्यातले द्यावे, वेळेवर सुट्टी द्यावी. कामकऱ्याने दिले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, आणखीही काही. त्यातले 'मालकाआधी उठावे, मालकानंतर झोपावे' आज कोणी मान्य करू नये. सहा दिशांत कामकऱ्याला खालची दिशा दिली आहे, तेही मला खुपते. पण पाच कर्तव्ये इकडे आणि पाच तिकडे, हा हिशोब मला महत्त्वाचा वाटतो.

म्हणून पाना हातात असलेल्या आपल्या भावांनाही सांगायचे आहे. स्वाभिमान म्हणजे उर्मटपणा नव्हे. उशीर होणार असेल तर फोन करा. मशीन उघडण्याआधी खर्चाचा अंदाज सांगा आणि बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या. चांगला भाग खराब सांगून विकणे म्हणजे न दिलेले घेणेच. पंचशीलातले दुसरे शील दुकानातही लागू आहे. आणि घरात बाई एकटी असेल तर 'साहेब नाहीत का?' विचारू नका. तक्रार तिने नोंदवलीय, मशीन ती चालवते, पैसे कित्येकदा तीच देते. बोलणेही तिच्याशीच करा.

राहिला प्रश्न लिफ्टचा. अनेक सोसायट्यांत पाटी असते की सर्व्हिसवाल्यांनी मागच्या लिफ्टने यावे. कपाट किंवा फ्रिज चढवायचा असेल तर ते समजू शकते. पण खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला माणूस म्हणजे सामान नव्हे. आपल्यातले किती तरी जण आता अशा सोसायट्यांचे सभासद आहेत, काही कमिटीवरही आहेत. वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास भांडतोच आपण. यंदा त्यातली दहा मिनिटे या पाटीसाठी काढा, लेखी ठराव मांडा, आणि विरोध कोण करतो ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.