१६५ मतांचे मोल

हुकूमशाही नेहमी रणगाड्यावर बसून येते असे नाही. आपल्या देशात ती निवडून आलेल्या सरकारच्या हातूनच आली. १९७१ साली ‘गरिबी हटाव’ म्हणत इंदिरा गांधींनी ३५२ जागा जिंकल्या. त्याच डिसेंबरात बांगलादेशाचे युद्धही जिंकले. मग जयजयकाराला सीमा राहिली नाही. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ तर इंदिरा म्हणजेच इंडिया म्हणू लागले.

घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी याचीच भीती बोलून दाखविली होती. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराबाईंची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाला विचारले ते दुसऱ्या दिवशी सकाळी! विरोधक तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, गोरगरिबांना धरून नसबंदी झाली. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनाही अटक झाली.

मार्च १९७७ मध्ये मतदान झाले. रायबरेलीत खुद्द इंदिराबाई ५५ हजारांवर मतांनी पडल्या. आणि आपल्या कोल्हापुरात? शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई अवघ्या १६५ मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत साऱ्या देशात याहून कमी फरकाचा निकाल नव्हता. वाचकहो, १६५ मते म्हणजे एखाद्या वस्तीतील पन्नास-साठ घरे. तेवढी माणसे गुऱ्हाळावर, नाहीतर घरकामात अडकून राहिली असती, तर निकाल फिरला असता.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कायद्यातली ती फट बुजविली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येत नाही. १९८० साली इंदिराबाई परत आल्या, त्याही मतदारांच्याच कौलाने.

पण भक्तीला कोणती घटनादुरुस्ती आवरणार? ते काम घरातच व्हायला हवे. मायबहिणींनो, मतदार यादीतले घरातल्या सर्वांचे नाव तपासा. आणि मुलांना पुढाऱ्याला हार घालायला शिकवाल, तेव्हा त्याला प्रश्न विचारायलाही शिकवा; मग तो पुढारी आपल्या समाजाचा का असेना, असे आम्हांला वाटते.